दिवाळीला येत नाही त्याचं खरं कारण

प्रिय आई-बाबा,

हे पत्र बाबांनीच मोठ्याने वाचा, नाहीतर आई चष्मा शोधत बसेल.

दिवाळीला सुट्टी मिळत नाही म्हणाले ते खोटं होतं. सुट्टी मिळाली होती, मी ती दुसऱ्याच कामाला लावली. जूनमध्ये मला इथे अमेरिकेत एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीचा टॅग, म्हणजे परवाना, लागला (एप्रिलात अर्ज करायचा, मग लॉटरी), आणि त्याचा सीझन नोव्हेंबरात, नेमका दिवाळीत येतोय. आणि मी रायफल घेतलीय. तीन महिने झाले. आई, तू व्हिडिओ कॉलवर मागचं हिरवं कपाट बघून विचारलंस ना, नवीन तिजोरी का गं, ती तिचीच.

बाबा, तुम्ही आत्ता गप्प झाला असणार. मला पण तेच आठवतंय, दाजीपूरच्या क्वार्टरची पडवी, सुतळीने बांधलेली ती ठासणीची बंदूक, वर मुद्देमालाची चिठ्ठी, आणि मी नुसतं बोट लावलं तर तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मला मारलंत. ज्या माणसाने वनखात्यात तीस वर्षं चोरट्या शिकाऱ्यांची फासकी काढण्यात घालवली त्याची पोरगी शिकारीला जाणार, हे लिहितानाही कसंतरी होतंय.

पण थोडं ऐकून घ्या. शंभर वर्षांपूर्वी कोलोरॅडोत एल्क जवळजवळ संपले होते, वायोमिंगहून आणून सोडावे लागले, आज दोन लाख ऐंशी हजाराच्या आसपास आहेत. कुठल्या भागात किती टॅग द्यायचे ते मोजणी करून ठरतं. आणि रायफल-काडतुसांवर 11 टक्के केंद्राचा कर आहे, 1937 च्या कायद्यापासून तो पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना जातो. म्हणजे माझ्या रायफलीतून कुणातरी गार्डचा पगार निघत असेल असं मी मनाला समजावते. आपल्याकडचा 1972 चा शिकारबंदीचा कायदा आहे तसाच राहूदे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. टॅग मादीचा आहे हे ऐकून तुम्ही अजून चिडाल, पण कळप आटोक्यात ठेवायचा तर माद्याच कमी कराव्या लागतात हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता रायफल. तुम्ही खात्याची .315 रायफल घेऊन घाट चढून यायचात तेव्हा खांद्यावर पट्ट्याचा वळ असायचा आणि आई खोबरेल चोळायची. मला इथल्या वाल्डन गावाजवळ डोंगरात नऊ-दहा हजार फुटांवर चालायचंय आणि माझी उंची तुम्हाला माहितीये, म्हणून हलकीच हवी होती. आधी अडीच किलोच्या आतली, कार्बन फायबरच्या दस्त्याची एक हातात घेतली, खेळण्यासारखी वाटली, पण नेमबाजीच्या रेंजवर चार गोळ्यांत खांदा निळा. हलकी रायफल धक्का जास्त देते, आणि चढून धापा लागलेल्या असताना नळी वाऱ्यावरच्या फांदीसारखी डुलते. शेजारच्या काकूंच्या नवऱ्याची जुनी .30-06 रायफल पण उचलून बघितली, दुर्बिणीसकट चार किलोच्या वर, ती नकोच. शेवटी फिनलंडची टिक्का घेतली, टी-थ्री-एक्स लाइट, .308 काडतुसाची. 2.9 किलो, दुर्बीण-पट्टा धरून साडेतीनच्या आत. जावई तिला पनीर टिक्काच म्हणतात. किंमत सांगत नाही, आई लगेच रुपयात गुणेल.

आणि आई, ती डावखुऱ्यांसाठीची आहे! बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करायची दांडी, डाव्या बाजूला. तू डाव्या हाताने घास घेतला की चमच्याने बोटांवर मारायचीस, आठवतंय? तिकडे फिनलंडमध्ये कुणीतरी माझ्यासारख्यांसाठी अख्खी रायफल उलटी करून बनवली. पहिल्यांदा बोल्ट मागे ओढला, रिकामं काडतूस उडालं, आणि मला खरंच तुझा चमचा आठवला. रागावले नाहीये गं, हसायलाच आलं.

घरात बंदूक म्हणून तू रात्री झोपणार नाहीस, म्हणून सांगते. तिजोरी जमिनीला पक्की केलीय, रायफलीचा बोल्ट काढून वेगळ्या कप्प्यात, काडतुसं वरच्या मजल्यावर दुसऱ्या कुलुपात, नंबर फक्त आम्हा दोघांना माहीत. छोट्याला काही कळत नाही. ग्रीन कार्ड आल्यावरच घेतली, चौकशी झाली, आणि पैसे भरूनही तीन दिवस थांबले, इथे 2023 पासून तसा कायदाच आहे. शिकारीचा कोर्सही केला, 1949 किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना तो लागतो, म्हणजे बाबा तुम्हालासुद्धा बाकावर बसवलं असतं. जाणार काकूंबरोबर, त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत आणि माझ्यापेक्षा भराभर चढतात. तंबूत शेगडी आहे, उपग्रहावरून मेसेज पाठवायचं यंत्र आहे, तुझी लोकरीची टोपी आहे. वर अंगात भडक जाकीट घालावंच लागतं, केशरी किंवा गुलाबी. मी गुलाबी घेतलंय.

दोनशे यार्डांच्या पुढे गोळी मारणार नाही, जनावर जखमी करून सोडायचं नाही हे तुमचंच वाक्य आहे. गोळी शिशाची नाही, तांब्याची, छोटा मटण खाणार म्हणून. इकडच्या हरणांत एक मेंदूचा रोग आहे, त्याची तपासणी करून निकाल आल्याशिवाय चूल पेटणार नाही. मग मात्र तांबडा रस्सा, तुझ्या चटणीचा शेवटचा डबा त्यासाठीच ठेवलाय.

आम्ही जानेवारीत येतोय, पंधरा नाही, पंचवीस दिवस, तिकिटं काढलीत, हे खोटं नाही. तोवर नीट ऐका. बाबा, बीपीची गोळी "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायला माणूस येतोय, त्याला परत पाठवू नका. स्कूटर गुडघा बरा होईपर्यंत बंद म्हणजे बंद, किल्ली आईकडे. आई, चकल्या विकत आण, तळणीपुढे दोन तास उभी राहू नकोस, दादाला सांगितलंय मी, तो लक्ष ठेवेल. पाडव्याला बाबांना ओवाळताना फोन समोर ठेव, रेंज मिळाली तर मी असेन.

फोनवर काय बोलायचंय ते बोला बाबा, मी मधे बोलणार नाही. फक्त त्याआधी एक सांगा. गव्यांच्या मोजणीला जाताना वारा बघायला तुम्ही खिशातल्या पुडीतून राख सोडायचात. इथे पावडरची बाटली विकत मिळते पण ती हातावर चिकटते, मला तसलीच राख हवीय. ती शेणीची होती की लाकडाची?

तुमची,
चिमी