नंबर टाकलेला दगड मलब्यात टाकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विदर्भात सोने असल्याची बातमी दर काही वर्षांनी नव्याने येते. किती टन, किती कोटींचे, खाण कधी, एवढेच तिच्यात असते. मी १९८३ ते २०१७ अशी ३४ वर्षे एका महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होतो. दगड कापायचे, घासायचे, काचेवर चिकटवायचे आणि कपाटात नंबराने लावायचे, हे माझे काम. सोन्याच्या किमतीबद्दल मला काही सांगायचे नाही. सोने ज्या पांढऱ्या गारेत, म्हणजे क्वार्ट्झच्या दगडात, असते त्या गारेबद्दल सांगायचे आहे, आणि आपण ती कशी फेकून देतो याबद्दल.

या उन्हाळ्यात आमच्या जुन्या विभागाची रंगरंगोटी निघाली. मी दुसऱ्या एका कामासाठी तिकडे गेलो होतो. सायकल स्टँडमागे मलब्याचा ढीग दिसला. प्लास्टरचे पोपडे, फुटक्या फरश्या आणि त्यांच्यात दगड. दगडांवर पांढऱ्या एनॅमल पेंटचा ठिपका आणि ठिपक्यावर काळ्या शाईने नंबर. ते ठिपके मीच लावलेले होते. हाताला लागले ते पाच दगड पिशवीत घालून आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी पिशवी घेऊन परत गेलो, तर ट्रॅक्टर येऊन गेला होता. मागच्या रस्त्यावरचे खड्डे बुजवायला मलबा लागत होता, असे कळले.

कोणाचा हेतू वाईट नव्हता, हे मी जाणतो. कपाटे जड होती, जागा हवी होती, आणि रजिस्टर कुठे आहे हे नव्या माणसांना ठाऊक नव्हते. पण त्या ढिगात कोलारचा दगड होता.

१९८६ च्या हिवाळ्यात आमची एम.एस्सी.ची मुले सहलीला कर्नाटकात कोलार गोल्ड फील्ड्सला गेली होती. सामान सांभाळायला मीही गेलो होतो. तिथल्या एका खाण अधिकाऱ्याने चॅम्पियन रीफ या सोन्याच्या शिरेच्या खोल लेव्हलवरचा गारेचा एक तुकडा आम्हाला दिला. दोन मुठींएवढा, निळसर राखाडी, मधून काळपट पट्टे. सोने डोळ्यांना दिसत नव्हते, त्यामुळे मुले हिरमुसली. त्यांना शिकवणारे आमचे सर मात्र गाडीत तो दगड मांडीवर घेऊन बसले.

आज तसा तुकडा कोणालाही आणता येणार नाही. कोलारच्या खाणी ३ किलोमीटरांहून खोल गेल्या होत्या. सुमारे १२० वर्षांत तिथून ८०० टनांच्या आसपास सोने निघाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये याच खाणीच्या पोटात न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण टिपले होते, हे आपल्या वाचकांपैकी काहींना आठवत असेल. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. पंप थांबले आणि शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरी, पाण्याने भरले. वर सायनाइड डंप म्हणतात ते मातीचे डोंगर राहिले आहेत, पण तो माल दळून पीठ झालेला आहे. खोलातली अखंड गार आता फक्त कुठल्या ना कुठल्या विभागाच्या, संस्थेच्या कपाटातच आहे. एका कपाटातून ती गेली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

अखंड गारच का हवी, ते सांगतो. लहानपणी दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणग्या पाडायचा खेळ आपण सगळेच खेळलो. त्या गारगोटीत पाणी असते, हे मला नोकरीला लागल्यावर कळले. जमिनीच्या खोल भेगांतून गरम पाणी वाहते आणि भेगेच्या भिंतींवर गार धरत जाते. अशी गारेने भरलेली भेग म्हणजे शीर. गारेचा स्फटिक वाढताना त्याच्या अंगात जागोजागी खळगे राहतात, पाणी त्यांत शिरते आणि वरून स्फटिक मिटतो. थेंब आत कोंडला जातो. हे थेंब बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, पुष्कळदा त्याहूनही लहान असतात. गार दुधासारखी पांढरी दिसते ती बरेचदा याच कोट्यवधी थेंबांमुळे. कोलारची गार साधारण अडीचशे कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हाचे पाणी ती अजून पोटात धरून आहे.

थेंब कोंडला तेव्हा तो गरम होता आणि खळगा पूर्ण भरलेला होता. दगड थंड झाला, पाणी आकसले, आणि आत बुडबुडा तयार झाला. आता तोच दगड पुन्हा तापवला तर पाणी पसरते आणि बुडबुडा लहान होत होत नाहीसा होतो. तो ज्या तापमानाला नाहीसा होतो, निदान तेवढ्या तापमानाला तरी तो थेंब कोंडला गेला असणार. ही युक्ती इंग्लंडच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८५८ मध्ये मांडली. सूक्ष्मदर्शकातून डोंगर बघता येत नाहीत, असे त्या काळचे पुष्कळ लोक म्हणत. सॉर्बींनी एका बुडबुड्यातून दगडाची ऊब मोजायची वाट दाखवली.

सोन्याच्या शिरांमधल्या थेंबांत बहुधा नुसते पाणी नसते, कार्बन डायऑक्साइडही असतो आणि काही ठिकाणी मिथेन. कोलारच्या दगडाचा पहिला काप मी मे महिन्यात केला. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पाणी आणि एक गोल बुडबुडा, एवढेच दिसले. सर म्हणाले, "आता नाही, डिसेंबरात ये." मला वाटले, सर थट्टा करताहेत. डिसेंबरात एका सकाळी खोली उघडल्या उघडल्या त्यांनी मला बोलावले. तोच काप, तोच थेंब. पण आता बुडबुड्यात बुडबुडा होता. बाहेर पाणी, त्यात द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचा गोळा, आणि त्या गोळ्यात वायूचा एक बारीक बुडबुडा, सतत थरथरणारा. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रव आणि वायू असा वेगळा राहत नाही. नागपूरच्या मे महिन्यात आमची खोली चाळिशीला पोचलेली असायची, मग तो दिसणार कसा? सरांनी दिवा जवळ सरकवला, काचेला ऊब लागली, आणि आतला बुडबुडा माझ्या डोळ्यांदेखत विरून गेला. दिवा लांब केला, मिनिटभराने परत आला. मी त्या दिवशी जेवणाच्या सुटीतही उठलो नाही.

यासाठी लागणारा काप नेहमीच्या सेक्शनसारखा, म्हणजे सूक्ष्मदर्शकासाठी करतात त्या पातळ कापासारखा, नसतो. नेहमीचा सेक्शन मिलिमीटरच्या तीन शतांश जाडीचा असतो आणि तो चिकटवायला आम्ही कॅनडा बाल्सम तापवत असू. इथे काप जाड ठेवायचा, मिलिमीटरचा दहावा-पाचवा भाग, आणि दोन्ही बाजूंनी आरशासारखा घासायचा. तापवायचा तर मुळीच नाही, कारण ऊब लागली की थेंब फुटायची भीती. म्हणून थंडच चिकटणारा आणि अ‍ॅसिटोनमध्ये सुटणारा डिंक वापरायचा. कापताना चाक हळू फिरवायचे, पाण्याची धार सोडायची नाही. मग काचेच्या प्लेटवर कार्बोरंडमची घासायची पूड, २२० पासून १००० नंबरापर्यंत, आणि शेवटी हिऱ्याची पेस्ट. दुसरी बाजू घासताना काप बोटाला जाणवेनासा होतो, तेव्हा हात नुसता आवाजावर चालतो. एक काप नीट जमायला मला दोन दिवस लागत.

आमच्याकडे थंड-गरम करायचे यंत्र नव्हते. काही वर्षांनी आमच्या एका संशोधक विद्यार्थ्याबरोबर मी तो काप घेऊन दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत गेलो. तिथे द्रव नायट्रोजन होता, आमच्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी असतो तसल्याच कंटेनरमध्ये. काप शून्याखाली शंभर अंशांपर्यंत उतरवला. थेंब गोठून काळवंडला. मग हळूहळू वर. शुद्ध कार्बन डायऑक्साइड उणे ५६.६ अंशांना वितळतो. आमचा त्याच्या जरासा खाली वितळला, म्हणजे त्यात थोडा मिथेन मिसळलेला. पुढे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या बर्फासारख्या खड्याची पाळी. नुसते पाणी असते तर तो १० अंशांपर्यंत टिकतो, मीठ असेल तर आधी वितळतो. आमचा साडेआठच्या आसपास गेला. त्या विद्यार्थ्याने वहीत लिहिले, मीठ कमी. सरतेशेवटी गरम करायला घेतले. अडीचशे पार झाले, पावणेतीनशे झाले, बुडबुडा आकसत होता, आणि नेमका तेव्हा तो थेंब फुटला. क्षणात खळगा काळा पडला. असे होते. मग शेजारचा थेंब घ्यायचा.

मात्र शेजारचा कुठला, हेही कळावे लागते. काही थेंब स्फटिक वाढतानाच कोंडलेले, तर काही पुढे कित्येक कोटी वर्षांनी दगडाला तडा गेला तेव्हा शिरलेल्या निराळ्याच पाण्याचे. तडा मिटला की हे दुसरे थेंब माळेसारखे एका ओळीत राहतात. दोन्ही एकत्र मोजले की उत्तर चुकते. म्हणून दगड कुठल्या शाफ्टचा, कुठल्या लेव्हलचा, भिंतीकडचा की शिरेच्या मधला, हे लिहिलेले असावे लागते. नंबर पुसला गेला की हा अभ्यास निम्मा मेला.

या थेंबांतून काय कळले? सोने पाण्यात मुख्यत्वे गंधकाच्या सोबतीने विरघळून चालते. ते गरम पाणी लोहयुक्त खडकाला भिडले की गंधक लोहाशी जोडला जाऊन पायराइटसारखी खनिजे होतात, आणि सोबती सुटलेले सोने तिथेच बसते. दुसरी वाट दाबाची. भेग गारेने बुजते, खाली दाब साठतो, भूकंपाच्या हादऱ्याने भेग उघडते, दाब एकदम पडतो, पाणी आणि वायू वेगळे होतात, सोने खाली बसते, आणि भेग पुन्हा बुजते. कोलारच्या दगडातले ते काळपट पट्टे अशाच पुन्हा पुन्हा उघडण्या-मिटण्याचे, असे सर सांगत. चॅम्पियन रीफच्या थेंबांवर १९८० च्या दशकात आणि त्यानंतर खरगपूरच्या आयआयटीतूनही अभ्यास झाले. जगभरच्या तसल्या शिरांतून एकच चित्र येते. मीठ थोडे, कार्बन डायऑक्साइड बराच, ऊब साधारण अडीचशे ते चारशे अंश.

हे थेंब सोने कुठे आहे ते बोट धरून दाखवत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. सोने नसलेल्या वांझ शिरेतही असे थेंब मिळतात. पण शीर किती खोलात धरली, पाणी कुठल्या जातीचे होते, आजूबाजूच्या कुठल्या शिरा तिच्या सख्ख्या आणि कुठल्या परक्या, हे ठरवायला त्यांच्याइतका जवळचा साक्षीदार नाही.

आता आपल्याकडचे. माझे गाव नागपूर-भंडारा सीमेवरचे. आमच्या शेतात नांगराला पांढऱ्या गारा लागत. बाबा त्या उचलून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकत, आणि पावसात धुरा दुरून चमके. हा सगळा साकोली नावाचा खडकांचा पट्टा. वैनगंगेच्या खोऱ्यात नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे सोनझारी आम्ही ऐकलेले आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नागपूर-भंडाऱ्याच्या या पट्ट्यात, परसोडी आणि मरूपारसारख्या ठिकाणी, सोन्याचा शोध घेतलेला आहे. सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरातच सेमिनरी हिल्सवर आहे, राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयही नागपुरातच. म्हणजे माणसे इथेच आहेत.

सोन्याच्या शोधासाठी घेतलेल्या बोअरमधून निघालेला दगडाचा दांडा उभा चिरून अर्धा परीक्षेला पाठवतात, त्याचे पीठ होते. उरलेल्या अर्ध्यात गार असेल तिथे निदान हाताएवढे तुकडे खोली लिहून कायमचे ठेवावेत, एवढी माझी विनंती आहे. आणि विद्यापीठांच्या, महाविद्यालयांच्या भूगर्भशास्त्र विभागांनी कपाटे रिकामी करण्याआधी रजिस्टर शोधावे. रजिस्टर सापडले नाही तर निवृत्त माणसाला फोन करावा. आमच्यापैकी बरेच जण अजून आहेत. पाच-दहा वर्षांनी कोणाला विचारणार? बंद पडलेल्या खाणींचे दगड आधी बाजूला काढावेत, चालू खाणींचे नंतर. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीची खाण चालू आहे, तिथला दगड परत मागता येईल. कोलारचा येणार नाही.

मी वाचवलेल्या पाच दगडांपैकी तिघांचे नंबर वाचता येतात. दोन मँगनीजचे आहेत, एक गारेचा, आमच्याच पट्ट्यातला, १९९१ चा. ते तांदळाच्या रिकाम्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले आहेत. कपाटाच्या नोंदींची एक प्रत मी नोकरीत असताना दोनशे पानी वहीत उतरवून घेतली होती, तीही घरी आहे. विभागाने बोलावले तर वही आणि डबा घेऊन मी येईन, आणि ज्या कपाटांना अजून हात लागलेला नाही, त्यांतले नंबर एकेक करून लावून देईन. दगड कापायचे चाक चालू असेल तर पांढरी गार कशी कापायची, तेही नव्या मुलांना दाखवीन. हात अजून स्थिर आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
नागपूर