तिसावा दिवस सव्वा महिन्याच्या आत येतो

संपादक महोदय, स. न. वि. वि.

बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर काढायचे नाही, ही आपली रीत. दिवस भरण्याआधी जन्मून एसएनसीयूतून (नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षातून) घरी आलेल्या बाळाच्या मात्र ती मुळावर येते. ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत तपासावा लागतो; २८ आठवड्यांआधीच्या किंवा १,२०० ग्रॅमहून हलक्या बाळाचा तर दोन-तीन आठवड्यांतच. दिवस जन्मतारखेपासून मोजायचे, घरी आल्यापासून नव्हे.

पडद्यातल्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढतात आणि दिवस भरायच्या सुमारास कडेला पोहोचतात. आधी जन्मलेल्या बाळात ही वाढ अर्धवट असते. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढला जाऊन सुटतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. बाहेरून डोळा टपोरा, निरोगी दिसतो. टॉर्च मारून काही कळत नाही. थेंबांनी बाहुली मोठी करून भिंगातूनच पाहावे लागते. त्याआधी तासभर दूध पाजू नये, उलटी श्वासात जाण्याची भीती असते. नेताना टोपी-मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी बांधून न्यावे, म्हणजे बाळ गार पडत नाही.

खरी चूक पुढे होते. पहिल्या खेपेला 'ठीक आहे' ऐकले की पालक थांबतात. वाहिन्या कडेला पोहोचेपर्यंत साधारण दर एक-दोन आठवड्यांनी यावेच लागते. लेसरचा उपचार लागला तर हाताशी दोन-तीनच दिवस असतात.

डिस्चार्ज कार्डावर मात्र 'आरओपी फॉलोअप' एवढेच इंग्रजीत खरडलेले! आरओपी म्हणजे पडद्याचा हाच आजार, फॉलोअप म्हणजे त्याची पुढची तपासणी. तिथे तारीख, वार आणि ठिकाण मराठीत हवे. आई माहेरी जाणार असेल तर ठिकाण माहेरच्या जिल्ह्यातले. आशाताईंची २१व्या दिवसाची घरभेट ठरलेलीच असते. तेव्हा त्यांनी कार्ड मागून ही तारीख पाहावी.

जाता जाता: ड जीवनसत्त्व रोज ४०० युनिट द्यायचे असते, पण काही बाटल्यांत एका मिलिलिटरला ४००, तर काहींत ८०० युनिट असतात. बाटली बदलली की लेबल वाचावे. लस जन्मतारखेप्रमाणेच; बसणे-रांगणे मात्र जितके आठवडे बाळ लवकर आले, तितके वयातून वजा करून पाहावे.

— नवजात बाळांच्या पाठपुराव्याचे काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका