आधी मेमरी कार्ड, मग कार्ट्रिज

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. तुझा जुना निन्टेंडो डीएस लाइट, तो हातात धरून खेळायचा दोन पडद्यांचा कन्सोल, खोक्यात सापडला, चार्ज झाला, दोन्ही पडदे उजळले, हे वाचून फार बरं वाटलं. बिजागरी शाबूत आहे म्हणतोस, हे तर नशीबच. त्या मॉडेलची उजवीकडची बिजागरी फार जणांची तडकते. उघडताना जोर लावू नकोस.

तीन फ्लॅश कार्ट्रिजची, म्हणजे मेमरी कार्डावरचे खेळ कन्सोलवर चालवणाऱ्या कार्ट्रिजची, नावं लिहून तू विचारलंस की यातलं कोणतं घेऊ. आणि मेमरी कार्डाबद्दल शेवटी एकच ओळ: एक पडलंय घरात, ते चालेल ना? मला काळजी वाटली ती त्या ओळीची. पण आधी कार्ट्रिजचं सांगतो, ते सोपं आहे.

डीएस लाइट २००६ सालचा. त्यात सिस्टिम अपडेट करायची सोयच नाही. नंतर आलेल्या डीएसआय आणि थ्रीडीएस या कन्सोलांमध्ये अपडेट आलं की जुनी कार्ट्रिज बंद पडायची, तो त्रास तुला नाही. वरच्या खाचेत, म्हणजे स्लॉट-१ मध्ये बसणारं जवळपास कुठलंही कार्ट्रिज चालेल. खालच्या स्लॉट-२ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या आधीच्या कन्सोलची कार्ट्रिज बसतात. मात्र वरच्या कार्ट्रिजवरून अ‍ॅडव्हान्सचे खेळ थेट चालतील अशी आशा धरू नकोस. अ‍ॅडव्हान्सचे खेळ चालवताना कन्सोल फक्त खालची खाच वाचतो, त्यामुळे त्या खेळांसाठी स्लॉट-२ चं वेगळं कार्ट्रिज लागतं.

तुझ्या यादीतलं पहिलं, ते मूळचं आर४, घेऊ नकोस. ते २ जीबीपर्यंतचंच कार्ड वाचतं, आणि तेवढं लहान आणि चांगलं कार्ड आता शोधत बसावं लागतं. एसडीएचसी या प्रकारची मोठी कार्ड चालणारं घे, म्हणजे ४ ते ३२ जीबीची कार्ड वाचता येतात. बाकी लेबलवरच्या नावाला फारसा अर्थ नाही. आर४ हे नाव इतक्या जणांनी वापरलंय की वरून सारखी दिसणारी दोन कार्ट्रिज आतून पार वेगळी निघतात. बघायचं ते कर्नल. मेमरी कार्डावर ठेवायच्या या फाइलींवरच कार्ट्रिज सुरू होतं, आणि एकाचं कर्नल दुसऱ्याला चालत नाही. चुकीचं टाकलंस तर पडदा लोडिंगवरच अडकून बसेल. काही कर्नलांत तर बनवणाऱ्यांनीच तारीख घालून ठेवलेली असते. ती उलटली की मेनू उघडतच नाही, मग कन्सोलची तारीख मागे न्यायची किंवा दुसरं कर्नल शोधायचं. म्हणून ज्याचं कर्नल आजही सहज मिळतं आणि ज्यावर पर्यायी कर्नलही चालतं, तेच घे.

आता कार्ड. मी दोन वर्षांपूर्वी एक ३२ जीबीचं मायक्रोएसडी घेतलं. लेबल झकास, कॉम्प्युटरही ३२ जीबी दाखवत होता. कार्ड चार महिने छान चाललं. शेतीच्या एका खेळात मी रोज झोपण्यापूर्वी अर्धा तास घालवायचो, विहीर, गोठा, सगळं उभं राहिलं होतं. मग एका रविवारी गाणी ऐकायला म्हणून बऱ्याच फाइली त्यावर टाकल्या. रात्री खेळ उघडला तर नवा खेळ सुरू करा एवढाच पर्याय. खेळातली प्रगती साठवणारी सेव्हची फाइल होती, पण आत नुसता कचरा. कार्ड खरं होतं ८ जीबीचं. त्यातल्या कंट्रोलर चिपला ३२ सांगायला शिकवलेलं. आठच्या पुढे गेलेला मजकूर मागे वळून जुन्याच जागांवर लिहिला गेला, आणि माझी विहीर त्याखाली गेली. अजून हळहळ वाटते.

म्हणून कार्ड नवं असो की घरात पडलेलं, आधी तपास. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफ३. हे प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून बघतात. काही तास लागतात, लागू दे. कार्ड रिकामं असतानाच कर. आणि मायक्रोएसडी कॉम्प्युटरला लावायच्या अ‍ॅडॉप्टरच्या डाव्या कडेची लॉकची पट्टी वर आहे ना बघ. ती खाली सरकलेली असली की काहीच लिहिलं जात नाही आणि माणूस उगाच कार्डाला दोष देतो.

किती मोठं? डीएसचा सर्वांत मोठा खेळ ५१२ एमबीचा, लहान ८ एमबीचे. ८ जीबी तुला पुरून उरेल. ६४ जीबीच्या मोहात पडू नकोस, ती कार्ड एक्सफॅट या फाइली मांडायच्या पद्धतीत फॉरमॅट होऊन येतात आणि बहुतेक कार्ट्रिजना फॅट३२ ही जुनी पद्धतच कळते. फॉरमॅट एसडी असोसिएशनच्या फॉरमॅटरनेच कर. वेगाच्या आकड्यांवर जास्त पैसे घालू नकोस, कन्सोलला तेवढा वेग वापरताच येत नाही. अगदी सुमार कार्डावर मात्र मधली चित्रफीत अडखळते, एवढंच.

सेव्हच्या फाइली महिन्यातून एकदा कॉम्प्युटरवर उतरवून ठेव. बहुतेक ५१२ केबीच्या आतल्याच, मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षाही लहान. आणि खेळात सेव्ह केल्या केल्या बटण बंद करू नकोस, दोन-चार सेकंद थांब.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. त्याच खोक्यात दादाचं अ‍ॅडव्हान्सचं कार्ट्रिज आहे असं लिहिलंयस, आणि त्यातल्या सेव्हच्या पहिल्या जागेवर अजून त्याचं नाव दिसतं. काही कार्ट्रिजमध्ये सेव्ह आतल्या बारीक बॅटरीवर टिकतो. ती संपली की सेव्ह गेलाच. स्लॉट-१ चं कार्ट्रिज हाती आलं की स्लॉट-२ मधला सेव्ह मेमरी कार्डावर उतरवणारा छोटा प्रोग्राम त्यावर चालवता येतो. तपासलेल्या कार्डावर सगळ्यात आधी तेच उतरव. खेळ दुसऱ्या दिवशी सुरू कर. जमलं नाही तर कन्सोल घेऊन सरळ माझ्याकडे ये, दोघं मिळून काढू.

तपासाचा निकाल कळव.

तुझाच