खोडकिडा धसकटात असतानाच गाठा

महोदय,

सरद म्हणजे पावसाळी भाताची कापणी आली की कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, पांढरी, पोचट, ताठ उभी कणसे दिसतात आणि औषध लागू पडले नाही अशी ओरड सुरू होते. दोष औषधाचा नाही, वेळेचा आहे. पळींज, म्हणजे ही पोचट कणसे, दिसते तेव्हा खोडातल्या अळीचे काम झालेले असते. त्यानंतरची फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. पिवळ्या खोडकिड्याला गाठण्याची वेळ आत्ता आहे, सरद आणि वायंगण (पावसाळ्यानंतरचे दुसरे भातपीक) यांच्या मधल्या काही आठवड्यांत.

का, ते त्याची वाढ पाहिली की कळते. मादी पतंग फिकट पिवळी, पुढच्या प्रत्येक पंखावर एक ठसठशीत काळा ठिपका. ती जगते थोडेच दिवस, पण तेवढ्यात 100 ते 200 अंडी घालते. पातीच्या टोकाजवळ पुंजके चिकटवते आणि ते आपल्या शेपटाकडच्या तपकिरी केसांनी झाकून टाकते. पाच ते आठ दिवसांत अळ्या निघतात, पातीच्या टोकावर चढतात, धाग्याला लोंबकळतात आणि वारा नेईल त्या चुडावर उतरतात. थोड्या मोठ्या झालेल्या अळ्या पातीचा तुकडा कापून त्याची सुरळी अंगाभोवती घेतात आणि पाण्यावरून तरंगत पुढे जातात. त्यांना मेर (शेताचा बांध) अडवत नाही. खोडात शिरल्यावर साधारण एका खोडात एकच अळी राहते. कोष बुंध्यात, पुष्कळदा मातीलगत. अंड्यापासून पतंगापर्यंत 45 ते 55 दिवस.

आता हिशेब करा. 150 अंड्यांपैकी 90 टक्के मेली असे धरले तरी 15 पतंग उरतात, त्यांत निदान सात माद्या. दुसऱ्या पिढीला 49, तिसरीला 343. पूर्वी पाणी नसल्याने पुष्कळ शेते कापणीनंतर पडीक राहत आणि ही साखळी तिथे तुटे. गोव्यात साळावली आणि तिळारी धरणांच्या कालव्यांखाली वर्षातून दोनदा भात उभे राहते, म्हणजे किड्याला उपासमार नाही. दुबार पीक बंद करा असे कोणीही म्हणणार नाही. पण मधला पूल तरी तोडला पाहिजे.

तो पूल म्हणजे धसकटे, कापणीनंतर शेतात उरणारे भाताचे बुडखे. पूर्ण वाढलेली अळी बुंध्यात दडून राहते. विळ्याने जमिनीलगत कापले तर बऱ्याच अळ्या पेंढ्याबरोबर निघून जातात. भाड्याने येणारे कापणी यंत्र मात्र वीतभर किंवा त्याहून उंच धसकटे ठेवते. ओल्या शेतात यंत्र फार खाली आणता येत नाही, हे खरे. म्हणून कापणीनंतर पंधरवड्याच्या आत नांगरट करावी आणि पाणी असेल तिथे चिखल करून धसकटे बुडवून ठेवावीत. पण एकाने नांगरले आणि शेजारचे चार कुणगे तसेच राहिले तर उपयोग शून्य. पतंग उडतो.

दुसरी जागा तरव्याची. कीड अनेकदा रोपवाटिकेतूनच शेतात येते. लावणीला मुठी बांधताना शेंडे तीन-चार बोटे छाटावेत. अंडीपुंज तिथेच असतात. छाटलेले शेंडे मेरेवर टाकू नयेत, पुरावेत. वायंगणाची लावणी एका खाचरपट्टीत महिना-दीड महिना रेंगाळली तर प्रत्येक पिढीला कोवळे पीक आयते मिळते. युरिया एकदम ओतला तरी तेच: खोड मऊ पडते आणि अळीला आत शिरायला सोपे जाते. नत्र तीन हप्त्यांत द्यावे.

फुटवे येताना गाभा मर (मधला कोंब वाळणे) दिसली म्हणून घाबरू नये. पीक नवे फुटवे काढून काही नुकसान भरून काढते. पोटरीनंतरचे (कणीस खोडात भरू लागल्यानंतरचे) नुकसान मात्र भरून निघत नाही. एका चौरस मीटरला एक अंडीपुंज किंवा 5 टक्के गाभा मर ही औषधाची मर्यादा. लक्ष ठेवायला एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) पुरतात, पतंग गोळा करून मारायचे तर आठ. सापळा पिकापेक्षा हातभर उंच ठेवावा, पीक वाढेल तसा वर न्यावा. ट्रायकोग्रामा जापोनिकम हा किडीच्या अंड्यांवर वाढणारा परजीवी कीटक हेक्टरी 50 हजार, दर आठवड्याला सोडावे, पण केसांखालच्या आतल्या अंड्यांपर्यंत ते नीट पोचत नाही. ते काम टेलेनोमस आणि टेट्रास्टिकस या शेतातल्याच गांधीलमाशांच्या इवल्या जाती करतात, आणि सरसकट फवारणीत आधी त्याच मरतात.

खाजनात, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतांत, तर विशेष जपावे. कार्टाप हायड्रोक्लोराईड या कीटकनाशकाच्या 4 टक्के दाण्यांसाठी शेतात दोन-तीन बोटे पाणी तीन-चार दिवस अडवावे लागते. ते पाणी पुढे मानशीतून (बांधाच्या पाणदारातून) खाडीत गेले तर मासळी मरते. जिथे पाणी धरून ठेवता येत नाही तिथे हे औषध वापरूच नये.

कृषी खात्याला विनंती आहे की विभागीय कार्यालयांनी खाजनातल्या कुळांच्या संघटना आणि कोमुनिदादींना (गावकीच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांना) घेऊन गावागावांत धसकटे नांगरण्याचा एकच आठवडा ठरवावा, आणि कालव्याचे पहिले पाणी त्या आठवड्याला जोडून सोडावे. कापणी यंत्रांच्या मालकांना धसकटाची कमाल उंची आत्ताच कळवावी, म्हणजे उशिरा कापणीला येणाऱ्या शेतांना तरी तिचा लाभ होईल.

– भातशेतीचे जाणकार काही वाचक, सासष्टी