गाडी खोलून दिलीत, मिस्त्रीकाका

मिस्त्रीकाका, सादर नमस्कार.

तुम्हाला दिलेलं पाकीट परवा आईला देवघरात, गणपतीच्या तसबिरीमागे सापडलं. सतरा दिवस राबलात आणि जाताना पैसे देवाच्या मागे सारून गेलात. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही ‘गप रव’ म्हणता आणि माशांचा भाव काढता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. नात तुम्हाला फोनवरून वाचून दाखवेल. तिला मध्येच थांबवू नका.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. वेंगुर्ल्याजवळ आमच्या घरामागच्या मांगरात, म्हणजे शेडात, आजोबांची १९५६ ची फियाट ११०० उभी होती. आजोबा डॉक्टर, गाडी व्हिजिटला जायची. ते गेले आणि १९८९ नंतर ती जागची हलली नाही. जुनी माणसं हिला ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. समोरून पाहिलं की कारण विचारावं लागत नाही. तुरीनच्या फियाटने हे मॉडेल १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलं आणि पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने ते कुर्ल्याला घडवलं. आमची तिथलीच. पुढची दारं उलटी उघडणारी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, इंजिन १०८९ सीसीचं. पण जांभ्याच्या भिंती, चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची, वायरिंग घुशींनी संपवलं होतं आणि डिकीत पडून राहिलेल्या नारळाला चांगला हातभर कोंब आलेला.

तुमच्याआधी मी शहरातल्या एका वर्कशॉपचा माणूस आणला होता. त्याने चाकाला पायानेच ढोसलं आणि भंगाराचा किलोचा भाव सांगितला. पुढच्या आठवड्यात तुम्ही आलात, तेही एसटीने, कापडी पिशवीत तीन हातोड्या घेऊन. दार उघडून चालकाच्या सीटवर बसलात आणि पाचेक मिनिटं काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, दम लागला असेल. मग म्हणालात, ‘ही माज्या आदीची.’ तुम्ही कुर्ल्याला बॉडी शॉपात लागलात तेव्हा ११००-डी सुरू झालेली. त्याच मॉडेलची पुढे प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. गाडीवरचं फियाट हे नाव गेलं तरी लोक फियाटच म्हणत राहिले. तुमचा सगळा जन्म त्या पत्र्यात गेला, पण डुक्कर फियाट तुम्ही कधी खोलली नव्हती. हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकलंत. त्या शहरातल्या माणसाला सगळंच येत होतं.

पहिले चार दिवस तुम्ही मला एकही नट सोडू दिला नाहीत. खरं सांगतो, मला राग आला होता. मी पुण्याहून तीन आठवड्यांची रजा काढून आलो होतो, नवा पान्यांचा सेट घेऊन, आणि तुम्ही माझ्या हातात दिलात कुंचला! रॉकेल आणि गिअर ऑइल एकत्र करून सकाळ-संध्याकाळ प्रत्येक नट-बोल्टला पाजायचं. मधल्या वेळात फोटो. कुठली वायर कुठून जाते, कुठला वॉशर कुठल्या बाजूला, प्रत्येक सांध्याचे तीन-तीन. मी कंटाळून विचारलं, खोलायचं कधी? तेव्हा बोललात ते मी मांगराच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय: ‘खोलूक अक्कल लागणा नाय, परत लावूक लागता.’

पाचव्या दिवशी पहिला नट हातात आला. तुम्ही पाना आधी आवळायच्या दिशेने फिरवलात. अगदी किंचित, गंजाची पापडी मोडेल इतकाच. मग सोडवलात. ‘आदी आवळ, मगे सोड.’ मी आजवर गंजलेला नट फक्त उलटा ओढत आलो होतो आणि बोल्ट मोडत आलो होतो. आणखी एक चूक माझ्याही आधीच्या कुणीतरी करून ठेवली होती. फियाटला मिलिमीटरचे पाने लागतात, त्याने ॲम्बॅसॅडरचे इंची पाने घालून निम्म्या बोल्टांचे कोपरे गोल केले होते. तुम्ही ते बोल्ट एकेक दाखवत त्या अनोळखी माणसाला ज्या मालवणी शिव्या घातल्यात, त्या इथे लिहिता येत नाहीत. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती, एवढं सांगतो.

पत्र्याचं काम तुमचं, त्यामुळे तिथे तुम्ही रमलात. छोट्या हातोडीने टकटक करत पूर्ण गाडीभर फिरलात. चांगला पत्रा टणकन वाजायचा, सडलेला थप्प करायचा. थप्प आला की खडूने फुली. दोन तासांत गाडी देवी आलेल्या पोरासारखी दिसायला लागली. चाकाच्या वरच्या पोकळीत चिखल साचून पत्रा आतून खाल्ला होता. चालकाच्या पायाखालचा रबरी मॅट उचलला तर खाली मांगराची जमीनच दिसली. आणि दाराखालचा उंबरठा! वरून धड वाटत होता. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर टेकवला तो मुठीपर्यंत आत गेला. आत पत्र्यावर पत्रा, त्यावर डांबर, त्यात गोणपाट. कधीकाळी कुणीतरी ‘दुरुस्त’ केलेला. आजोबांनी त्याचे पैसेही मोजले असतील.

तो भाग मी त्याच दुपारी ग्राइंडरने कापायला निघालो होतो. तुम्ही ग्राइंडरची पिन काढून खिशात टाकलीत आणि मला जमिनीवर काडीने चित्र काढून दाखवलंत. या गाडीला खाली वेगळी चासी नाही. बॉडी हीच तिची चासी. पुढची दारं मागून बिजागरलेली, मागची पुढून, म्हणजे एका बाजूची दोन्ही दारं मधल्या एकाच खांबावर लटकतात आणि तो खांब उभा त्या सडक्या उंबरठ्यावर. उंबरठा कापला की खांब बसणार, खांब बसला की दारं आयुष्यात पुन्हा लागणार नाहीत. म्हणून आधी सुतळीने दारांच्या चौकटीचे कर्ण मोजलेत. डावीकडचे नि उजवीकडचे जुळत नव्हते, डावा खांब बोटभर खाली आला होता. बारक्या जॅकने, दिवसाला थोडा थोडा करत, तुम्ही तो तीन दिवसांत वर घेतलात. मग चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी पाइप वेल्डिंग करून गाडी आतून बांधून टाकलीत. त्यानंतर दारं उतरवलीत. मी पहिल्या दिवशी दारांपासूनच सुरुवात करणार होतो. तुम्ही आला नसतात तर आज माझ्याकडे चार सुंदर दारं असती आणि ती लावायला गाडी नसती.

काचेचं रबर वाचवू नको, काच वाचव, म्हणालात. ब्लेडने रबर कापलंत आणि काच आजीच्या गोधडीत गुंडाळून माळ्यावर गेली. पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा काढताना मला पडवीत हाकललंत. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो, हे मला ठाऊक होतं. पण तुम्ही साखळी बांधून एकट्याने ते काम करत होता, वय ऐंशीच्या घरात, आणि मी बाहेर उभा राहून नखं खात होतो, ते मला आवडलं नाही. अजूनही आवडलेलं नाही. ब्रेकच्या ड्रमच्या वेळी मात्र मी तुमचं ऐकलं नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ती धूळ तुम्ही सवयीने फुंकायला गेलात आणि मी पाण्याची बाटली ओतली. तुम्ही हसलात. दुसऱ्या ड्रमला मात्र स्वतःच पाणी मारलंत आणि तोंडाला रुमाल बांधलात. बोलला काही नाहीत.

आता त्या स्टडबद्दल, म्हणजे इंजिनात रोवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टबद्दल. तुम्ही जेवून आडवे झाला होता. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचा एकच नट उरला होता आणि मला तुम्ही उठायच्या आत तो काढून दाखवायचा होता. पान्याला पाइप लावून जोर केला. आवाज आला आणि स्टड आत मोडला, हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, पृष्ठभागाला अगदी समतल. तुम्ही उठलात, पाहिलंत, चहा मागितलात. तासभर एक शब्द नाही. मला वाटलं, आता पिशवी उचलणार. पण तुम्ही वेल्डिंगवाल्या पोराला बोलावलंत, मोडक्या तुकड्यावर नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्ड भरायला लावलात, लाल झालेला नट निवू दिलात. मग पाना माझ्या हातात दिलात. तुम्ही मागे हात बांधून उभे. मी आधी आवळला, मग सोडला. तो तुकडा लोण्यातून यावा तसा आला. तो मी ठेवलाय, माझ्या पुण्यातल्या टेबलावर आहे.

इंजिनचं हेड ही तर गोष्टच. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, मधून गेलेले स्टड पोलादाचे. तीन धातू चौतीस-पस्तीस वर्षं दमटात एकत्र, हेड स्टडना असं चिकटलेलं की हलेना. कुणीही छिन्नी घातली असती आणि हेड चिरलं असतं. पिस्टन तुम्ही आधीच मोकळे केले होते. प्लगच्या भोकांतून आठवडाभर तेल पाजून, पुलीच्या नटावर पाना लावून आठवड्याअखेर सुताने हलवलेलं इंजिन मी विसरणार नाही. मग आईकडे सुती दोरी मागितलीत. काथ्याची नको, तिचा भुसा आत पडतो. आईने न विचारता परकराच्या नाड्यांचं नवं बंडल दिलं. व्हॉल्व्ह दाबून उघडणारा रॉकर आधीच काढलेला होता, त्यामुळे सगळे व्हॉल्व्ह बंद. पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून नाडी आत सारत गेलात, सिलिंडर भरेपर्यंत, आणि पुली फिरवलीत. पिस्टन वर आला, नाडी दबली, नाडीने हेडला खालून ढकललं. पहिल्या सिलिंडरला काही नाही. चौथ्याला करकर झाली. पुन्हा पहिला, पुन्हा चौथा. चहाची वेळ टळून गेली तेव्हा हेड केसभर उचललं होतं. आई विचारत होती, नाडी परत मिळेल का.

सुटे भाग ठेवायची तुमची तऱ्हा मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय. मी कागदी चिठ्ठ्या आणल्या होत्या. कोकणात कागद एका पावसाचा धनी, म्हणालात, आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पट्ट्या केल्यात, त्यावर पंचने आकडे ठोकलेत, तांब्याच्या तारेने प्रत्येक भागाला बांधल्यात. नट ज्याचा त्याच्याच बोल्टवर परत फिरवून ठेवायचा. बारीकसारीक वस्तू लोणच्याच्या बरण्यांत, रॉकेलमध्ये बुडवून. वहीत आकड्यापुढे नाव मी लिहायचं. एकूण २१४ पट्ट्या झाल्या. त्यातल्या निम्म्या वस्तूंची नावं तुम्ही सांगितलीत ती कुठल्याच पुस्तकात नाहीत. ‘कानफाट्या’ म्हणजे बॉनेटच्या कडेचा तो वाकडा ब्रॅकेट, हे मला आता पाठ झालंय.

एक संध्याकाळ राहिलीच. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा पोराने तुम्हाला टीव्हीवर बातमी दाखवली होती. त्यात लोक रडत होते, तुम्हाला हसू आलं. ‘पंचवीस वर्सां पत्रो ठोकलंय, माका विचारा रडूक कसा येता ता,’ असं तुम्ही त्या संध्याकाळी म्हणालात आणि मग बराच वेळ त्या ओक्याबोक्या सांगाड्याच्या कडेवरून हात फिरवत बसलात. मी फोटो काढणार होतो, काढला नाही.

पुढचं ठरल्याप्रमाणे. येत्या शनिवारी टेम्पो येतोय. ब्लॉक आणि हेड कोल्हापूरला उद्यमनगरात जाईल, तुम्ही सांगितलेल्याच बोरिंगवाल्याकडे. सांगाडा मांगरातच राहील, कापाकापी तुम्ही आल्याशिवाय नाही. पाकीट मी परत पाठवत नाही, पाठवलं तर तुम्ही पुन्हा कुठल्यातरी देवामागे ठेवाल. त्याऐवजी काकूंसाठी सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, व्यवस्था केलीय, दर बुधवारी कोळीण दारात येईल, तिला परत पाठवू नका.

आणि एक अडचण आहे. काल बरण्या तपासल्या. ४१ नंबरच्या पट्ट्या दोन निघाल्या. एक हँडब्रेकच्या केबलच्या लिव्हरला आहे, वहीत तेच लिहिलंय. दुसरी एका स्प्रिंगला बांधलीय, करंगळीएवढी, एका टोकाला हूक, दुसऱ्या टोकाला काही नाही. दीड तास सगळे फोटो पाहिले, कुठेच दिसत नाही. ती कुठली, काका? दुपारच्या झोपेनंतर फोन करतो.

तुमचा,
डॉक्टरांचा नातू