गुंड्या नव्हे, गुंडी!

मस्कत

प्रिय ताई,

काल आईचा फोन. "अगं, एकटं कासव, नवऱ्याचा पत्ता नाही आणि टाकीत ४ अंडी! वरच्या काकूंना काय सांगू?" हसून हसून माझी पुरेवाट झाली.

आधी गुंड्याचं नाव बदला, ती गुंडी आहे. डोळ्यामागे लाल पट्टा असलेल्या या जातीत नराच्या पुढच्या पायांची नखं चांगली लांब असतात. मादीच्या तोंडासमोर पोहत तो ती थरथरवतो, हीच त्याची मागणी घालायची रीत. गुंडीची नखं आखूड आहेत. गणपतीत आले होते तेव्हा बघितलीही होती, पण टाळक्यात शिरलं नाही.

अंडी घालायला नर लागत नाही, पिल्लं व्हायला लागतो. दुकानातल्या कोंबडीच्या अंड्यासारखंच. आता कासविणीची एक गंमत म्हणजे नराचं बीज ती महिनोन्महिने पोटात साठवून ठेवू शकते. पण आपली गुंडी घरी आली तेव्हा बिस्किटाएवढी होती. तेव्हा तो संशय नकोच.

मागच्या महिन्यात आम्ही इथल्या रास अल जिन्झच्या किनाऱ्यावर गेलो होतो. रात्री गाईडच्या मंद टॉर्चमागून अनवाणी चालायचं. एक हिरवी समुद्री कासवीण मागच्या वल्ह्यांनी वाळू उकरत होती. उकरणं थांबलं आणि पिंगपाँगच्या चेंडूंसारखी ओली अंडी पडायला लागली. एका खेपेला शंभराच्या आसपास! ती साधारण २ ते ४ वर्षांतून एकदा विणीला येते, पण त्या हंगामात दोनेक आठवड्यांच्या अंतराने अनेकदा किनाऱ्यावर चढते. मीलन त्याआधीच पाण्यात उरकलेलं असतं. नर तासन्‌तास पाठीला चिकटून राहतो, दुसरे नर येऊन त्याला चावतात, तरी गडी सोडत नाही. ही बिचारी दोघांचं ओझं घेऊन श्वासासाठी वर येत राहते.

मीलनाचं प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं. सिंहाची जोडी काही दिवस दर अर्ध्या तासाने, आणि पांडाच्या मादीला वर्षभरात जेमतेम २-३ दिवस! (हे आईला वाचून दाखवू नकोस.)

आता कामाचं. अंडी टाकीतून काढून टाक. गुंडी आणखी घालेल, तिला उकरायला ओलसर माती-वाळूचं घमेलं ठेव. जागा मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरते, ते जिवावर बेततं. समुद्रफेसाचा (माकूळाच्या पाठीतल्या कडक कवचाचा) तुकडा दे, कॅल्शियम मिळेल. खाणं सोडून नुसतीच धडपडायला लागली तर डॉक्टरांकडे ने, एक्स-रेत अडकलेली अंडी दिसतात.

आणि भाऊजींना म्हणावं, कंटाळून तिला मासुंदा तलावात सोडायचं नाही. ही जात मूळची अमेरिकेची, आपल्या तलावांतल्या कासवांचं अन्न आणि उन्हाची जागा बळकावते.

काकूंना कोंबडीचंच सांग. चकल्या संपल्यात, कुणी येत असेल तर पाठव.

तुझी,
मनी