अंगठा उमटवण्याआधी वकिलाला विचारावे

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, सत्तावीस वर्षे हजेरी कारकून होतो. कामावर इजा झालेल्या मजुराला शेठजींनी काही रक्कम द्यायची, स्टँप पेपरवर ‘माझी आता कोणतीही तक्रार राहिलेली नाही’ असे लिहून घ्यायचे आणि त्यावर सही किंवा अंगठा उमटवून घ्यायचा, हा रिवाज मी या सत्तावीस वर्षांत जवळून पाहिला आहे. त्यांतले काही कागद माझ्याच अक्षरातले आहेत. कायद्यात काय लिहिले आहे हे त्या वेळी मी वाचले नव्हते. निवृत्तीनंतर वाचले, आणि त्याच अस्वस्थतेतून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या गल्लीत राहणाऱ्या एका तरुणाची उजव्या हाताची तीन बोटे जानेवारी 2024 मध्ये रात्रपाळीत गेली. रोलरमध्ये कापूस अडकला होता. मशीन थांबवले की मुकादम ओरडतो, म्हणून त्याने चालू मशीनमध्येच हात घातला. दवाखान्याचे बिल शेठजींनी भरले. पंधरा दिवसांनी साठ हजार रुपये आणि शंभराचा स्टँप पेपर घेऊन मुकादम घरी आला. तेव्हा मुलाच्या आईला मी एवढेच सुचवले होते की, आधी कोणाला तरी विचारून घ्या. त्यावर ती अहिराणीत म्हणाली, “शेठ कोठे पळी जास?” शेठजी पळून गेले नाहीत हे खरे, पण सही तर होऊन गेली.

त्या वेळी त्याचे वय तीस होते आणि मजुरी महिन्याला बारा हजार. अपघाताच्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यानुसार कायमच्या अपंगत्वाचा हिशेब मजुरीच्या 60 टक्के रकमेवर होतो. तिला वयानुसार ठरलेल्या गुणांकाने गुणतात, आणि तिसाव्या वर्षी तो 207.98 आहे. एका हाताची तीन बोटे गेली तर कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेची हानी 30 टक्के धरली आहे. कागद-पेन्सिल घेऊन गुणाकार केला की सुमारे 4 लाख 49 हजार रुपये होतात, आणि त्याच्या हातात पडले साठ हजार.

प्रत्येक खरचटण्यासाठी कोर्टात जावे, असे माझे म्हणणे नाही. चार-आठ दिवसांत माणूस कामावर परतला, औषधपाणी आणि बुडालेला पगार मालकाने दिला, तर वकिलाचे काम नाही. पण बोट, डोळा, हात किंवा पाय कायमचा अधू झाला असेल, मालक ‘हा आमचा माणूसच नाही, मुकादमाचा आहे’ म्हणू लागला असेल, किंवा सहीसाठी एखादा कागद पुढे आला असेल, तर त्याच दिवशी वकील गाठावा. मुकादमामार्फत आणलेल्या मजुराची भरपाई कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मूळ मालकाकडूनही मागता येते. मात्र हजेरीपटावर नाव नसेल तर तो तिथे कामाला होता हे साक्षीदारांनी आणि कागदांनी सिद्ध करावे लागते. ते काम अपघातानंतर पहिल्या पंधरवड्यातच नीट होते. हंगाम संपला की बरोबरीचे मजूर पांगतात, कोणी सुरतेकडे तर कोणी उसाच्या तोडीला जातो, आणि मग साक्षीला कोणी सापडत नाही.

‘तुझीच चूक होती’ हे वाक्य ऐकून गप्प बसणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहितो. हातून निष्काळजीपणा झाला एवढ्यावरून या कायद्याखालील भरपाई नाकारता येत नाही. मजूर दारूच्या अंमलाखाली असणे, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने जाणूनबुजून मोडणे किंवा मशीनवरची जाळी मुद्दाम काढणे, अशा मोजक्याच कारणांनी मालक सुटू शकतो. मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आले असेल तर तीही कारणे चालत नाहीत. मुकादम मशीन थांबवू देत नव्हता, ही गोष्ट त्या मुलाच्या कैफियतीत यायलाच हवी, आणि कैफियत लिहिणे हे जाणत्या माणसाचे काम आहे.

सही झाली म्हणजे सगळे संपले, असेही नाही. अशा समझोत्याची नोंद भरपाई आयुक्तांकडे व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. नोंदच झाली नसेल तर मालकाची पूर्ण भरपाईची जबाबदारी तशीच राहते. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाईची रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते. विधवेच्या हातात परस्पर दिलेले पैसे कायदा भरपाई म्हणून धरत नाही, आणि ही गोष्ट आमच्या भागातल्या बायाबापड्यांना अजून कोणी सांगितलेली नाही. देय रक्कम महिनाभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज लागते, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो.

मुदत मात्र दोन वर्षांचीच असते. सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात, पण त्या भरवशावर राहू नये. हा तरुण माझ्याकडे आला तो गेल्या दिवाळीत, म्हणजे एकविसाव्या महिन्यात. कागद गोळा करण्यातच पुढचा महिना गेला आणि मुदत संपायला काही आठवडे उरले असताना अर्ज दाखल झाला. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असल्याने, आपला अपघात जुन्या कायद्यात बसतो की नव्या संहितेत, हे पाहायलाही जाणता वकील लागेल. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध असेल तर, संहितेत कामाच्या ओघातला धरला आहे. पहाटेच्या पाळीला सायकलवर निघणाऱ्या आपल्याकडच्या मजुरांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटई आणि पाइपच्या कारखान्यांतून काम करणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ज्यांचे कर्मचारी राज्य विम्याचे (ईएसआय) कार्ड आहे त्यांनी अपघाताची खबर विमा महामंडळाकडे गेली की नाही, हे आधी पाहावे, कारण त्यांना लाभ तिथून मिळतो. केवळ जिनिंग-प्रेसिंग चालणारे कारखाने 1948 च्या राज्य विमा कायद्यात हंगामी म्हणून वगळले गेले होते, आणि त्यामुळे आमच्या मजुरांना मालकाकडेच मागावे लागले.

वकिलाच्या फीची भीती मी रोज ऐकतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे आणि 15100 हा दूरध्वनी क्रमांकही आहे. मिळालेल्या रकमेत इतके टक्के माझे, असे ठरवून घेणारा वकील बार कौन्सिलचा नियम मोडत असतो, हेही मजुराला माहीत असावे.

आपल्याला माझी विनंती एवढीच आहे की, कपाशीचा हंगाम असेल तोपर्यंत दर रविवारच्या अंकात हा क्रमांक आणि तालुका समित्यांचे पत्ते एका चौकटीत छापावेत. जिनिंगच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर आपला अंक येतो, आणि मुकादम कागद घेऊन येण्याआधी मजूर तिथेच बसलेला असतो.

आपला,
एक निवृत्त हजेरी कारकून
जि. जळगाव